मॅडम झोपल्यात

उपासनाच्या ऑफिसात येणारा माणूस जिना चढतानाच बोलायला लागायचा. वर पोचेपर्यंत त्याचं निम्मं सांगून झालेलं असायचं, आणि समोर बसल्यावर तो उरलेलं निम्मं सांगायचा. एरवी तिला त्याचं काही वाटत नसे. पण रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ आली की जिन्यावर नुसत्या चपला वाजल्या तरी तिच्या कपाळात कळ उठायची.

उपासना सीए होती. आई शेवंताबाईंनी तंबाखूच्या वखारीत अंग मोडून तिला शिकवलं होतं. बेळगावात एका मोठ्या सीएच्या हाताखाली तयार होऊन ती निपाणीला परत आली आणि बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या वर तिनं स्वतःची पाटी लावली. मदतीला मारुतीराव नावाचे वयस्क कारकून होते. त्यांना कॉम्प्युटरची भीती वाटायची. पडद्यावरचं चाक फिरायला लागलं की ते हात मागं घेऊन उभे राहायचे, जणू आपल्याच हातून काही सांडलंय. पण आलेल्या माणसाला बसवून ठेवणं, चहा पाजणं आणि 'मॅडमना दोन मिनिटं द्या' असं तासभर म्हणत राहणं त्यांना छान जमायचं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. सप्टेंबर उजाडला तरी छत्र्या जिन्यात उलट्या ठेवलेल्या असायच्या आणि कागद दमट यायचे. उपासनानं जूनपासून सगळ्यांना निरोप पाठवले होते. जुलैत परत पाठवले. ऑगस्टमध्ये तर मारुतीरावांनी एकेकाला फोन करून सांगितलं. सगळ्यांनी 'व्हय व्हय, आणून देतो' म्हटलं आणि कोणी काही आणलं नाही. मग शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर सगळे एकदम आठवण झाल्यासारखे आले. कोणी दुकानाच्या पिशवीतून पावत्या आणल्या, कोणी पोरीच्या दप्तरातून. एक निवृत्त मास्तर दर वर्षी रिफंड मागायचे. त्यांचा टॅक्स कधी कापलाच गेला नव्हता, तर परत काय येणार? पण शेजाऱ्याला आला मग मला का नाही, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दर वर्षी पहिल्यापासून द्यावं लागायचं. एका बाईंचा ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जायचा. मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. तो उठेपर्यंत बाई बाकावर बसून लसूण सोलायच्या. कानडी गिऱ्हाइकं फोनवर नमस्कारसुद्धा न करता 'आतेन्री मॅडम?' म्हणून विचारायची, आणि मराठी गिऱ्हाइकं 'झालं का वो?' म्हणून. दोन्ही भाषांत उत्तर एकच होतं. कागद कुठायत?

अशा दिवसांत उपासनाचं डोकं ठिकाणावर नसे. एकदा दारात आलेल्या दूधवाल्याला ती 'ठेवून जा, उद्या बघते' म्हणाली. एकदा टीव्ही लावायला तिनं कॅल्क्युलेटर उचलला आणि बराच वेळ दाबत राहिली. जेवताना घास हातात तसाच राहायचा. शेवंताबाई नुसत्या बघायच्या.

मग एका संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या बोलल्या. उचगावचं एक चांगलं स्थळ आलंय, म्हणाल्या. मुलगा गुरांचा डॉक्टर आहे, जांबोटीच्या दवाखान्यात असतो. वडील वीज खात्यातून रिटायर झालेत. रविवारी बघायला येतायत.

"ह्या रविवारी?" उपासनानं विचारलं.

"ह्याच."

उपासनानं भाजीची वाटी खाली ठेवली. सीझन संपू दे, मग बघू, असं तिनं सांगितलं. तेव्हा शेवंताबाईंनी तवा उतरवला आणि तिच्याकडं तोंड करून बसल्या.

"सीझन कवा संपतो ते सांग मला एकदा."

उपासना सांगायला गेली. रिटर्नची तारीख झाली की ऑडिटची. ऑडिट झालं की दिवाळी, पण दिवाळीतच व्यापाऱ्यांची नवी सालं. मग डिसेंबरात जीएसटीचं वर्षाचं. मग मार्च. मार्च सरला की मागच्या वर्षाचं सगळं गोळा करायचं, की पुन्हा जून. बोलता बोलता ती एका पूर्ण वर्षाला वळसा घालून परत त्याच रविवारी येऊन थांबली.

"म्हणजे न्हाय संपत," शेवंताबाई म्हणाल्या. "मग ह्या रविवारीच येऊ देत."

उपासना कबूल झाली. पण तिची एक अट होती. रविवारी सकाळी ती तासभर ऑफिसला जाऊन येणार. शेवंताबाईंनी तो तास दिला, आणि तिथंच चूक झाली.

रविवारी सकाळी ऑफिसचं शटर अर्धंच उघडलं होतं, तरी त्याखालून वाकून माणसं आत आली. लसूणवाल्या बाईंचा मुलगा नेमका त्या दिवशी जागा होता. एवढी संधी सोडता येत नव्हती. त्यांचं होतंय तोवर मास्तर आले. उपासना घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती, साडीला इस्त्री करायला वेळ राहिला नव्हता आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. शेवंताबाईंनी तिच्या अंगावर साडी जवळजवळ गुंडाळली, केसांत कंगवा फिरवला आणि तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

पाहुणे तिघंच होते. मुलगा प्रज्ञेश, त्याचे वडील भरमाप्पा आणि त्याची आत्या. दारातच जयभीम झाला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोंना हात जोडून मंडळी बसली. प्रज्ञेश उंच होता, थोडा वाकून बसायची सवय असलेला. त्यानं चांगला शर्ट घातला होता, पण बाहेर काढलेल्या त्याच्या बुटांना तळाशी लाल चिखल होता आणि पायमोज्यांवरही चिखल होता. पहाटेच एका गावाला जाऊन आलो, म्हणून त्यानं आधीच माफी मागितली.

शेवंताबाईंनी मुलीला समोर बसवलं. आता कोणी तरी काही तरी विचारावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. उपासनानं प्रज्ञेशकडं बघितलं. आठवडाभर समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला जे विचारलं तेच तिच्या तोंडून निघालं.

"पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख?"

प्रज्ञेशनं मुकाट्यानं पूर्ण नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. आत्या मात्र सावरून बसल्या.

"तुमच्यात पत्रिका बघतात व्हय?"

शेवंताबाई हबकल्या. ह्या घरात पत्रिका सासऱ्यांच्या काळापासून कोणी बघितली नव्हती. तसं काही नाही, पोरीला कामाची सवय आहे, असं त्या घाईनं सांगायला लागल्या. उपासनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भरमाप्पांच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. त्यांना बऱ्याच दिवसांपासून एक शंका होती. पेन्शनची थकबाकी एकदम मिळाली होती आणि ती कुठल्या वर्षात धरायची हे त्यांना कोणी नीट सांगत नव्हतं. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. पोहे येऊन गार झाले, आत्यांनी दोनदा खाकरून बघितलं, पण भरमाप्पा आणि उपासना त्या कागदावर वाकून बसले होते. त्या अर्ध्या तासात उपासना पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलली.

शेवटी आत्या म्हणाल्या की पोरांना जरा बोलू द्या. दोघांना मागच्या पडवीत पाठवलं. तिथं दोन खुर्च्या होत्या, समोर शेवग्याचं झाड होतं आणि पत्र्यावर पाऊस बारीक वाजत होता. शेवंताबाई दोन कप चहा ठेवून गेल्या.

प्रज्ञेशनं सुरुवात केली. त्याचा आवाज खालचा होता, सावकाश. बिथरलेल्या जनावरांशी रोज बोलून बोलून तसा झालेला असावा. जांबोटीला कसा आलो ते तो सांगत होता. पहिल्या पावसाळ्यात वाटायचं, इथं माणूस राहणार कसा. बस येते तेव्हा येते. मग चालत जायची सवय झाली. जंगलातल्या वाड्यांवर गेलं की लोक आधी भात वाढतात आणि मग गाय दाखवतात. उपासना ऐकत होती. कित्येक दिवसांनी कोणी तरी तिच्याशी असं बोलत होतं ज्यात तिनं काही भरायचं नव्हतं, शोधायचं नव्हतं, सही करायची नव्हती. गाय, भात, पाऊस. तिनं मान खुर्चीच्या पाठीला टेकली. अजून एक वाक्य ऐकून डोळे उघडायचे, असं तिनं ठरवलं.

प्रज्ञेश बोलत राहिला. एका प्रश्नाला उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं वळून बघितलं. तिच्या हातातला कप तिरका होत होता. त्यानं तो हळूच काढून घेतला आणि खाली ठेवला. 

थोड्या वेळानं आत्या डोकावल्या. मुलगी झोपलेली, मुलगा शेवग्याकडं बघत बसलेला. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं तसा प्रज्ञेशनं हात वर केला.

"दमून बसलेल्या जनावराला उठवू नये आत्या. आपोआप उठलं की बरं असतं."

"पोरगी हाय ती, म्हस न्हवं," आत्या म्हणाल्या आणि रागानं आत गेल्या.

तेवढ्यात स्टुलावरचा उपासनाचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला, परत वाजला. तिच्या कपाळावर झोपेतच आठी पडली. तिसऱ्यांदा वाजला तसा प्रज्ञेशनं तो उचलला आणि कुजबुजत म्हणाला, "मॅडम झोपल्यात. उठल्या की सांगतो."

पलीकडं परशराम होता. निपाणीत त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि खिळ्यामोळ्यांपेक्षा बातम्यांचा खप तिथं जास्त होता. रविवारच्या भर दुपारी मॅडमच्या फोनवर पुरुषाचा हळू आवाज ऐकून तो सावध झाला. आपण कोण, म्हणून त्यानं विचारलं. प्रज्ञेशनं खरं ते सांगितलं, मी प्रज्ञेश, जांबोटीचा. घरातलेच काय, असं परशरामनं विचारलं. प्रज्ञेशला फोन लवकर ठेवायचा होता.

"व्हय, घरातनंच बोलतोय," तो म्हणाला.

उपासनाला जाग आली तेव्हा दिवस कलला होता. तिच्या अंगावर आईची शाल होती आणि समोरची खुर्ची रिकामी होती. आत शेवंताबाई पाहुण्यांचे कप विसळत होत्या. पाहुणे कधी गेले, काय म्हणाले, हे तिनं विचारलं. शेवंताबाईंनी मागं न बघता सांगितलं. भरमाप्पा खूश होऊन गेले, त्यांचं पेन्शनचं काम झालं. आत्या म्हणाल्या की मुलीला काही दुखणं तर नाही ना, दिवसाढवळ्या असं झोपणं बरं नव्हे. मुलगा बूट घालताना 'येतो परत' एवढंच म्हणाला, पण तसं तर सगळेच म्हणतात.  उपासनाला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी, अगदी खरं सांगायचं तर, तिला इतकं ताजंतवानं वाटत होतं की त्याची तिला लाज वाटली.

सोमवारी ती ऑफिसला गेली तर मारुतीराव तोंड पाडून बसलेले. त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला नाही. काय झालं, म्हणून तिनं दोनदा विचारल्यावर ते बोलले.

"निदान मला तरी सांगायचं हुतंसा मॅडम. मी काय परका हाय?"

परशरामनं रविवारी संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेला सांगून टाकलं होतं की उपासना मॅडमनी गुपचूप लग्न केलं. नोंदणी पद्धतीनं, गाजावाजा नको म्हणून. नवरा जांबोटीचा आहे, स्वतः फोनवर बोलला. ही बातमी मारुतीरावांच्या बायकोनं भाजी घेताना ऐकली आणि घरी येऊन नवऱ्याला सुनावलं, की तुम्ही कसले तिथले जुने माणूस, तुम्हाला साधा पत्ता न्हाय.

उपासनानं सगळं खरं ते सांगितलं. बघायला आले होते, मला झोप लागली, त्यांनी फोन घेतला. मारुतीरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली. पडवीत पाहुण्यांसमोर झोप लागली, असलं कारण कोणी देईल का? लाजतायत, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्यांचा राग गेला. मग ते चहा सांगायला उठले.

पण बातमी तेवढ्यावर थांबली नव्हती. बाजारपेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना तिला पाय फुटले होते. मॅडम आता जांबोटीलाच राहणार. तिथं झाडीत फोन लागत नाही, बस कधी तरी येते. ऑफिस बंद होणार. ह्या आठवड्यात ज्यांचं झालं त्यांचं झालं.

दुपारपर्यंत जिना भरून गेला. जूनपासून 'आणून देतो' म्हणणारी माणसं कागद घेऊन आली. नुसती आली नाहीत, कागद एकावर एक लावून आली. बँकेच्या पानांवर खुणा केलेल्या होत्या. ज्यांचा ओटीपी मुलाकडं जायचा त्यांनी मुलाला रजा घ्यायला लावली होती. मास्तरांनी रिफंडचं नावसुद्धा काढलं नाही. तुम्ही सुखी राहा, एवढंच म्हणाले, आणि जाताना डोळ्यांना रुमाल लावला. कोणी बेळगावहून खव्याचा कुंदा आणला, कोणी साडी आणली. साडी उपासनानं परत केली, तर आणणारी बाई ती बाहेर मारुतीरावांकडं ठेवून गेली.

पहिले काही जण आले तेव्हा उपासनानं प्रत्येकाला सांगितलं की लग्न झालेलं नाही. त्यात वेळ जायचा, आणि तेही हसून मान हलवायचे. दुपारनंतर तिनं सांगणं सोडून दिलं. कोणी 'अभिनंदन मॅडम' म्हटलं की ती 'आधार नंबर सांगा' म्हणायची. मनाला थोडं लागत होतं. पण ह्या बाबतीत तिनं कुठं सही केलेली नव्हती, की कुठं खोटी रक्कम दाखवली नव्हती. लोक स्वतः होऊन समजले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आले होते.

घरी आल्यावर तिनं आईला सावध करायचं ठरवलं होतं. पण टेबलावर आधीच तीन-चार मिठाईचे खोके होते.

"गल्लीतल्या बायका येऊन गेल्या," शेवंताबाई म्हणाल्या.

"आणि तू काय सांगितलंस त्यांना?"

"मी व्हय म्हटलं न्हाय. न्हाय बी म्हटलं न्हाय." त्यांनी एक खोका उघडून बघितला आणि परत बंद केला. "इतकी वर्षं त्या मला विचारत हुत्या. एक दिवस मला बी गप बसू दे की."

उपासनानं खोके एकावर एक रचून ठेवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेत तिनं प्रज्ञेशला फोन लावला. एका माणसाचं नाव त्याच्या परस्पर गावभर झालंय, ते त्याला सांगायलाच हवं होतं. शिवाय थोडं भांडायचंही होतं. फोन दुसऱ्याच कोणी उचलला. मी दवाखान्यातला मष्णू बोलतोय, म्हणाला तो. डॉक्टरांचा हात मोकळा नाही.

"कधी मोकळा होईल?"

"आता ते म्हशीच्या हातात हाय," मष्णू म्हणाला. "रेडकू आडवं आलंय. डॉक्टरांचा हात खांद्यापतोर आत हाय."

उपासनानं फोन ठेवला. भांडायचं तिनं मनात नीट मांडून ठेवलं होतं, ते ह्या म्हशीनं विस्कटलं. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा तिनं आधी म्हशीचं विचारलं. दोघंही वाचली, रेडी झाली, असं तो म्हणाला. आवाजात थकवा इतका होता की शब्द मधेच तुटत होते. तो थकवा उपासनाच्या चांगला ओळखीचा होता. मग तिनं परशरामचं, बाजारपेठेचं, कुंद्याचं आणि साडीचं सगळं सांगितलं.

 प्रज्ञेश म्हणाला की चूक त्याचीच आहे, फोन घ्यायला नको होता. हवं तर तो उद्या निपाणीला येऊन त्या हार्डवेअरवाल्याला स्वतः खरं काय ते सांगेल.

"नको," उपासना म्हणाली. "तारखेपर्यंत राहू दे."

"आणि तारखेनंतर?"

तिनं टेबलावरच्या कागदांकडं बघितलं. गठ्ठा निम्म्यावर आला होता. "तारखेनंतर बोलू," ती म्हणाली. मग सवयीनं तिनं विचारलं, तुमचं रिटर्न भरलंय का? त्यानं भरलं नव्हतं. तिनं त्याला चांगलं सुनावलं. भांडण झालं ते एवढंच.

शेवटच्या दिवशी, जेव्हा दर वर्षी जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हा ऑफिसात उपासना आणि मारुतीराव दोघंच होते. काम संपलं होतं. असं कधी झालं नव्हतं, त्यामुळं काय करायचं हे दोघांनाही सुचेना. मारुतीरावांनी पंखा पुसला. उपासनानं खिडकी उघडली. बाजारपेठेत ऊन पडलेलं होतं आणि एक माणूस सायकलवरून केळी विकत होता. किती तरी वेळ ती नुसती बघत राहिली.

संध्याकाळच्या सुमारास बातमी आली की तारीख एक दिवसानं वाढवली. बाकीच्या ऑफिसांत काय झालं असेल ते उपासनाला न बघता कळलं. मारुतीराव मात्र खाली बसले आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्या वाढीव दिवशी एकच माणूस आला, परशराम. आठवडाभर गावाला बातमी देण्यात त्याचं स्वतःचं रिटर्न भरायचं राहून गेलं होतं. तो खालमानेनं बसला. उपासनानं त्याचं काम केलं आणि शेवटी त्याला शांतपणे सांगितलं की माझं लग्न झालेलं नाही, तुम्ही जे ऐकलं ते चुकीचं समजलात. परशरामचा चेहरा पडला. एवढी मोठी बातमी परत कशी घ्यायची, हा त्याच्यापुढं प्रश्न होता. थोडा विचार करून तो म्हणाला, "मग मॅडम, हुणार बी न्हाय व्हय?"

"ते तुम्हाला का सांगू?" उपासना म्हणाली.

पुढच्या रविवारी ती आणि शेवंताबाई बेळगावमार्गे जांबोटीला गेल्या. मुलीकडचे असे मुलाला बघायला जातात का, म्हणून शेवंताबाईंनी घरात खूप कुरकुर केली होती, पण नवी साडी त्यांनीच आधी नेसली. ऑडिटचं काम सुरू झालं होतं. बसमध्ये उपासनाला दोनदा फोन आले, तिसऱ्यांदा रेंज गेली. शेवंताबाई झाडांकडं बघून म्हणाल्या, बरं गाव हाय.

दवाखान्याच्या कट्ट्यावर प्रज्ञेश त्यांची वाट बघत होता. शेजारच्या घरातून त्यानं जेवण सांगून ठेवलं होतं. जेवून शेवंताबाई आतल्या बाकावर लवंडल्या आणि दोघं कट्ट्यावर बसले. खाली शेतात भात हिरवंगार उभं होतं. आता पुन्हा कोणी तरी काही तरी विचारायला हवं होतं. ह्या वेळी उपासनानं जन्मतारीख विचारली नाही.

"त्या दिवशी तुम्ही बोलत होता," ती म्हणाली, "त्यातलं मी गाईपर्यंत ऐकलं. पुढचं राहिलं."

प्रज्ञेश हसला. पुढं फार काही नव्हतं, म्हणाला. पुढं त्यानं तिला विचारलं होतं की अशा आडगावात राहणाऱ्या माणसाशी लग्न करणं तुम्हाला जमेल का. उत्तर आलं नाही म्हणून वळून बघितलं, तर ती झोपलेली.

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं, माझ्या बोलण्यानं कोणाला तरी आराम पडला. गुरांना पडतो, पण ती सांगत नाहीत." मग तो म्हणाला, "मी बदलीचा अर्ज करीन निपाणीकडं. लगेच होणार न्हाय. होईपर्यंत आठवड्याला एकदा भेट. चालेल का?"

उपासनानं भाताकडं बघत विचार केला. चालेल, असं तिनं सांगितलं. पण तिच्या घरी यायचं तर आधी रिटर्न वेळेवर भरायची सवय लावावी लागेल. प्रज्ञेशनं ते मान्य केलं.

खरी अडचण पुढं आली. दोघांनी आपापल्या फोनवर कॅलेंडर उघडलं. तिचं ऑडिट ऑक्टोबरपर्यंत, त्याचं लाळ्या-खुरकुताचं लसीकरण त्यानंतर लगेच. डिसेंबरात तिचं जीएसटी, आणि त्याच सुमारास त्याच्याकडं म्हशी व्यायला येतात. मुहूर्त बघायचा नव्हता, ती एक सोय होती. तरीही नोव्हेंबरातला एक रविवार सापडायला त्यांना बराच वेळ लागला. त्या रविवारी कोणतीही तारीख नव्हती आणि बहुतेक म्हशींनाही सवड असणार होती. तो रविवार दोघांनी आपापल्या फोनवर लिहून ठेवला.

आत जाऊन उपासनानं आईला उठवलं आणि सांगितलं. शेवंताबाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की आता घरात आलेल्या त्या मिठाया बायकांना परत द्यायच्या की राहू द्यायच्या. मिठाया कधीच संपल्यात, उपासना म्हणाली.

परतीची बस लवकर होती. प्रज्ञेश त्यांना थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत एका बांधावरून एका बाईनं त्याला हाक मारली, तिची गाय दोन दिवस खात नव्हती. तो तिकडं वळला. शेवंताबाई म्हणाल्या, थांबू या का? उपासना म्हणाली, नको, त्याला वेळ लागेल. मग दोघी सावकाश थांब्याकडं चालत निघाल्या.